चांगले घोडे एकमेकांना टाळतात तेव्हा: शर्यतींच्या रचनेपुढचे खरे प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे: घोड्यांच्या शर्यतींत बक्षिसांची रक्कम कधी नव्हे इतकी वाढली आहे, प्रक्षेपण जगभर पोहोचतं, घोड्यांची निगा पूर्वीपेक्षा चांगली आहे. तरीही शर्यतींत चुरस कमी का दिसते? पाच-सहा घोड्यांच्या शर्यती आणि एकाच तबेल्याचे तीन-तीन घोडे, हे चित्र बदलता येईल का?

माझं सगळं आयुष्य घोड्यांना रेटिंग देण्यात आणि वजनं ठरवण्यात गेलं आहे. हँडिकॅपरला कागदावर एक गोष्ट इतरांपेक्षा आधी दिसते, ती म्हणजे कोणता घोडा कोणासमोर धावला आणि कोणासमोर धावलाच नाही. त्या अनुभवावरून सांगतो. आजच्या रचनेतला मूळ दोष असा की चांगल्या घोड्याला दुसऱ्या चांगल्या घोड्यासमोर उभं न करण्यातच मालकाचा आणि ट्रेनरचा फायदा आहे. हे लोक भित्रे नसतात. कार्यक्रमपत्रिका, स्टड फार्मचं (घोड्यांच्या पैदास केंद्राचं) अर्थकारण आणि बेटिंगमधून येणारा पैसा हे तिन्ही मिळून त्यांना तो रस्ता दाखवतात.

आधी रचना समजून घेऊ. शर्यतींचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात सगळे घोडे वय आणि लिंग यांचा हिशेब करून जवळपास समान वजनावर धावतात. सर्वोत्तम कोण हे तिथे ठरतं. वयाच्या हिशेबाचं कोष्टक १९व्या शतकात ॲडमिरल राउस यांनी बसवलं आणि थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही त्याच्यावरच काम चालतं. दुसरा प्रकार हँडिकॅपचा. यात घोड्याच्या आजवरच्या कामगिरीवरून त्याला रेटिंग मिळतं आणि रेटिंग जितकं जास्त तितकं खोगिराबरोबर शिसं जास्त. १०० रेटिंगचा घोडा ८० रेटिंगच्या घोड्यापेक्षा २० पौंड अधिक वाहतो. एक मैलाच्या शर्यतीत साधारण दोन पौंड म्हणजे एक लांबी (एका घोड्याच्या देहाएवढं अंतर), पाच फर्लांगांत (मैलाचे आठ फर्लांग) सुमारे तीन पौंड म्हणजे एक लांबी, आणि अंतर वाढत जातं तसा हा आकडा खाली येतो. सगळे घोडे एकाच वेळी विजयरेषेवर यावेत असं वजन लावणं हे हँडिकॅपरचं ध्येय.

पहिला प्रकार घोड्यांची प्रतवारी ठरवतो. दुसरा प्रकार सामान्य घोड्यांना धावायला जागा देतो, त्यांच्या मालकांना टिकवून धरतो आणि पैसे लावणाऱ्यांना खरा पेच देतो. दोन्ही चालण्यासाठी एकच अट आहे: मुबलक घोडे हवेत आणि ते वारंवार एकमेकांसमोर यायला हवेत. ही अट आता दोन्ही टोकांनी सुटत चालली आहे.

घोड्यांची संख्या पाहा. उत्तर अमेरिकेत १९८६ साली ५१ हजारांहून अधिक थरोब्रेड (शर्यतीच्या जातीची) शिंगरं नोंदली गेली. आज तो आकडा १८ हजारांच्या आसपास आहे. शिवाय प्रत्येक घोडा कमी धावतो. १९६० साली अमेरिकेतला घोडा वर्षाला सरासरी ११ वेळा धावत असे, आता जेमतेम सहा वेळा. म्हणजे घोडे तिसऱ्या हिश्श्याएवढे आणि त्यातल्या प्रत्येकाच्या धावा जवळपास निम्म्या. शर्यतींची संख्या घटली, पण या वेगाने नाही. परिणामी सरासरी शर्यतीत आठही घोडे उभे राहत नाहीत.

आठ हा आकडा ब्रिटिश बेटिंगमध्ये फार महत्त्वाचा आहे. तिथल्या नेहमीच्या नियमांप्रमाणे ‘ईच वे’ पैज (अर्धी विजयावर, अर्धी पुढच्या काही क्रमांकांत येण्यावर) लावली आणि शर्यतीत आठ किंवा अधिक घोडे असले तर किमान पहिल्या तीन क्रमांकांना पैसे मिळतात. पाच ते सात असतील तर फक्त दोन, आणि चार किंवा कमी असतील तर केवळ विजेत्याला. आठांतला एक घोडा सकाळी लंगडला आणि माघारी गेला की त्या शर्यतीवरची उलाढाल एकदम खाली येते. सात घोड्यांची शर्यत वाईट असते असं मी म्हणणार नाही. पण सातांतला एक ठळक फेवरिट असेल, दोन नुसते हजेरी लावायला आलेले असतील, तर उरलेल्या चारांत ना पैसे लावणाऱ्याला रस, ना हँडिकॅपरला शिकायला काही.

मग शर्यती कमी का करत नाहीत? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि सगळी गाठ इथेच आहे. ब्रिटनमध्ये बुकमेकर्सना (पैजा घेणाऱ्यांना) ब्रिटिश शर्यतींवर होणाऱ्या ढोबळ नफ्यातून १० टक्के लेव्ही द्यावी लागते आणि तो पैसा खेळाकडे वळतो. बुकमेकरला दुपारपासून रात्रीपर्यंत दर काही मिनिटांनी एक शर्यत हवी असते. रेसकोर्सला प्रत्येक दिवसाचे प्रक्षेपणाचे पैसे हवे असतात. ट्रेनरला आपल्या मधल्या दर्जाच्या घोड्यासाठी सोपी शर्यत हवी असते आणि जितक्या शर्यती अधिक तितकी सोपी शर्यत मिळण्याची शक्यता अधिक. म्हणजे निर्णय घेणारा प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणाने वागतो आणि सगळे मिळून शर्यती पातळ करतात. २०२४ पासून ब्रिटनने दोन वर्षांचा प्रयोग म्हणून काही दिवसांना ‘प्रीमियर’ दर्जा दिला आणि शनिवारी दुपारी दोन ते चार या वेळात मोजक्याच मैदानांना मुभा ठेवली, म्हणजे चांगल्या शर्यती एकमेकींच्या अंगावर पडणार नाहीत. दिशा मला पटते. पण वेळापत्रकातली जागा राखल्याने घोडे तयार होत नाहीत.

आता वरच्या टोकाकडे वळू, कारण खेळाची प्रतिष्ठा तिथे ठरते.

युरोपात १९७१ मध्ये ‘पॅटर्न’ रचना आली. ग्रुप एक, दोन, तीन आणि त्याखाली लिस्टेड अशी उतरंड, हंगामभर नीट अंतरावर मांडलेली, म्हणजे त्या त्या वयाचे आणि अंतराचे सर्वोत्तम घोडे ठरावीक टप्प्यांवर भिडतील. कल्पना उत्तम होती. दर्जा टिकवण्याचा निकषही आहे: त्या शर्यतीत पुढे आलेल्या घोड्यांच्या रेटिंगची तीन वर्षांची सरासरी पाहतात. मोठ्या वयाच्या घोड्यांच्या ग्रुप एकसाठी ११५, ग्रुप दोनसाठी ११०, ग्रुप तीनसाठी १०५, आणि माद्यांच्या शर्यतींना थोडी सूट. सरासरी घसरली की दर्जा जातो.

अडचण अशी की पुढच्या दशकांत वरच्या शर्यतींची संख्या वाढत गेली. माद्यांसाठी वेगळी, तीन वर्षांच्या घोड्यांसाठी वेगळी, मधल्या अंतरासाठी वेगळी. प्रत्येक शर्यतीमागे पटण्याजोगं कारण होतं आणि काही निर्णय खरोखर चांगले ठरले. इंग्लंडच्या रॉयल ॲस्कॉट मेळाव्यात २०१५ मध्ये फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी सुरू झालेला कॉमनवेल्थ कप हे त्याचं उदाहरण. वेगवान तरुण घोड्यांना त्याआधी मोठ्या घोड्यांपुढे अवेळी उभं राहावं लागत होतं. पण प्रत्येक नव्या दरवाज्याबरोबर कोणाला तरी टाळण्याची एक वाटही उघडते, हे कार्यक्रम आखणारे विसरतात.

उडीच्या शर्यतींत हे फार स्पष्ट दिसतं. इंग्लंडमधलं चेल्टनहॅम फेस्टिव्हल २००५ मध्ये तीनचं चार दिवसांचं झालं आणि आज तिथे २८ शर्यती होतात. पूर्वी उत्तम घोड्याच्या मालकाला दोन मैल की तीन मैल असा कठीण निवाडा करावा लागे. मधल्या अंतराच्या शर्यती आल्या आणि निवाडा टळला. नवोदित स्टीपलचेस (मोठ्या अडथळ्यांवरून उडी घेणाऱ्या) घोड्यांसाठी २०११ मध्ये अडीच मैलांची अशीच एक शर्यत जोडली, पुढे तिला ग्रेड एकचा, म्हणजे उडीच्या शर्यतींतला सर्वोच्च, दर्जा मिळाला, आणि मग त्या वर्षीचे चांगले नवोदित तीन शर्यतींत विखुरले जाऊ लागले. २०२५ मध्ये ती शर्यत बंद करून तिथे नवोदितांचा हँडिकॅप ठेवला. हा निर्णय झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. काढून टाकलेली शर्यत हे खेळाच्या रचनेतलं सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं हत्यार आहे.

अमेरिकेतही ट्रिपल क्राउनचं वेळापत्रक असंच ताणलं गेलं आहे. पाच आठवड्यांत केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट अशा तीन शर्यती, पहिल्या दोहोंत फक्त दोन आठवडे. २०२२ मध्ये रिच स्ट्राइकने केंटकी डर्बी जिंकली आणि प्रीकनेस सोडली. २०२५ मध्ये सॉव्हरिन्टीनेही तेच केलं, आणि पुढे ताजातवाना येऊन बेलमाँट जिंकली. ट्रेनरच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. आजचा घोडा सहा-सात आठवड्यांच्या अंतराने धावायला तयार केला जातो. पण मधल्या शर्यतीचं काय? डर्बीचा विजेताच येत नसेल तर तिचा अर्थ उणावतो. माझं मत स्पष्ट आहे: शर्यतींमधलं अंतर वाढवावं. परंपरेचा आकार जपताना तिच्यातली लढत गेली तर उरतो फक्त आकार.

यापुढे येतं ते स्टड फार्म. वरच्या टोकाच्या स्पर्धेचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, प्रत्यक्ष संयोगच लागतो. तरीही आधुनिक पशुवैद्यकीमुळे एक लोकप्रिय स्टॅलियन (पैदाशीचा नर घोडा) एका हंगामात २०० हून अधिक माद्यांशी जुळवला जातो, आणि काहींना उरलेल्या सहामाहीत दक्षिण गोलार्धात पाठवतात. स्टड फी, म्हणजे एका मादीमागचं शुल्क, लाखो डॉलर्सत असेल तर एका हंगामाची कमाई कोणत्याही शर्यतीच्या बक्षिसाला मागे टाकते. आता मालकाच्या जागी स्वतःला ठेवा. तुमच्याकडे तीन वर्षांचा अपराजित नर घोडा आहे. आणखी एक वर्ष धावला तर बक्षिसं मिळतील, पण हरला तर त्याची किंमत उतरेल आणि पाय मोडला तर सगळंच जाईल. तुम्ही काय कराल? जस्टिफायने २०१८ मध्ये चार महिन्यांच्या आत सहा शर्यती जिंकून ट्रिपल क्राउन घेतला आणि पुन्हा कधीच धावला नाही. अमेरिकेचा फ्लाइटलाइन आमच्या मोजमापात १४० रेटिंगपर्यंत पोहोचला, म्हणजे ब्रिटनच्या फ्रँकेलच्या बरोबरीला, आणि त्याची सगळी कारकीर्दही सहाच शर्यतींची. फ्रँकेल निदान १४ वेळा धावला आणि चार वर्षांचा होईपर्यंत मैदानात राहिला.

याच्या शेजारी केल्सो ठेवून पाहा. १९६० ते १९६४ अशी सलग पाच वर्षं अमेरिकेचा ‘हॉर्स ऑफ द इयर’, एकूण ६३ शर्यती. तो खच्ची होता. स्टड फार्मची वाट त्याच्यासाठी बंद होती, म्हणून तो धावत राहिला, हरत राहिला, पुन्हा जिंकत राहिला, आणि लोकांना दर वर्षी त्याला पाहता आलं. हाँगकाँगमध्ये आजही हे दिसतं. तिथे प्रजनन नाही, बहुतेक घोडे खच्ची, त्यामुळे उत्तम घोडा सहा-सात वर्षांचा होईपर्यंत मैदानात असतो. गोल्डन सिक्स्टीने ३१ शर्यतींत २६ जिंकल्या. रोमँटिक वॉरियर हाँगकाँगबाहेर पडून ऑस्ट्रेलियात २०२३ चा कॉक्स प्लेट आणि जपानमध्ये २०२४ ची यासुदा किनेन जिंकून आला. २०२५ च्या सौदी कपमध्ये जपानच्या फॉरेव्हर यंगकडून तो थोडक्यात हरला, आणि ती हार त्याच्या मोठेपणाला कुठेही बाधली नाही. उत्तम घोड्याने धोका पत्करण्याची ही रीत बाकी जगाला परवडत नाही, कारण बाकी जगात घोड्याच्या पाठीवरच्या शिशापेक्षा त्याच्या वंशावळीचं वजन भारी आहे.

स्टॅलियनच्या वाढत्या गर्दीचा दुसरा परिणाम वंशवैविध्यावर होतो. आजच्या बहुतेक थरोब्रेडच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर हा एकच स्टॅलियन कुठे ना कुठे सापडतो. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२० मध्ये नियम केला की त्या वर्षापासून जन्मलेल्या स्टॅलियनला एका हंगामात १४० पेक्षा जास्त घोड्या देता येणार नाहीत. केंटकीतल्या तीन मोठ्या फार्म्सनी कोर्टात आव्हान दिलं आणि २०२२ मध्ये नियम मागे घेतला गेला. मला तो नियम हवा होता. १४० ही पवित्र संख्या नव्हे, पण मर्यादेमुळे दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या स्टॅलियन्सना घोड्या मिळाल्या असत्या आणि पुढच्या पिढीत वेगवेगळ्या बांध्याचे, वेगवेगळ्या अंतरांचे घोडे आले असते. सगळ्यांनी तोच बाप निवडला की सगळ्यांचे घोडे एकाच अंतरासाठी तयार होतात आणि लांब पल्ल्याच्या शर्यती रिकाम्या पडतात.

मोठ्या तबेल्यांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. ताकदवान मालक ताकदवान ट्रेनरकडे जातात, तिथे सर्वोत्तम रायडर असतात, सराव मैदानं असतात, आणि मग पुढचा मालकही तिथेच जातो. आयरिश ट्रेनर एडन ओब्रायन यांनी २०१७ मध्ये एका वर्षात २८ ग्रुप एक शर्यती जिंकण्याचा जागतिक विक्रम केला. तिथलेच विली मलिन्स यांच्या घोड्यांनी इंग्लंडमधल्या २०२५ च्या ग्रँड नॅशनल या उडीच्या शर्यतीत पहिले तीन क्रमांक घेतले. ही दोघांची असामान्य कला आहे आणि तिचा मला आदर आहे. रचनेचा प्रश्न वेगळा आहे. एका तबेल्यात एकाच अंतराचे चार उत्तम घोडे असले की ट्रेनर त्यांना चार वेगवेगळ्या शर्यतींत वाटतो. जे चार घोडे चार तबेल्यांत असते तर भिडले असते, ते एकाच छपराखाली असल्यामुळे कधीच भिडत नाहीत. आयर्लंडने २०२५ साठी उडीच्या काही शर्यती अशा ठेवायचं ठरवलं की हंगामात ५० हून अधिक विजय मिळवणाऱ्या ट्रेनरना त्यात प्रवेश नसेल. लहान ट्रेनरना जगवायला हे ठीक आहे. पण याने वरचे घोडे एकत्र येत नाहीत. त्यासाठी तबेल्यात किती घोडे ठेवता येतील यालाच मर्यादा हवी. हाँगकाँगमध्ये ती आहे. जपानमध्ये ट्रेनरला स्टॉल्स मोजून दिले जातात.

हँडिकॅपबद्दल, माझ्या स्वतःच्या कामाबद्दल, दोन गोष्टी सांगतो. रेटिंग हे कामगिरीवरून ठरतं, म्हणून कामगिरी लपवण्यात फायदा असतो. ब्रिटनमध्ये नव्या घोड्याला साधारणपणे तीन धावांनंतर रेटिंग मिळतं. दीड मैलाचं रक्त असलेला घोडा तीनदा सहा-सात फर्लांगांत धावतो, तिन्ही वेळा मागे राहतो, नियमात कुठेही बसत नाही असं काहीच करत नाही, आणि चौथ्या वेळी योग्य अंतरावर हलक्या वजनाने येऊन जिंकून जातो. वंशावळ बघून मी अंदाज करू शकतो, पण न धावलेल्या कामगिरीचं वजन लावू शकत नाही. उपाय सोपा आहे: अशा घोड्याच्या पहिल्या हँडिकॅपला अंतरावरून अट घालावी, म्हणजे ज्या अंतरावर रेटिंग मिळालं त्याच्या जवळपासच्या अंतरावरच सुरुवातीला धावता येईल.

दुसरी गोष्ट रेटिंगच्या घसरणीची. घोडे कमी वेळा आणि कमी ठिकाणी भेटले की वेगवेगळ्या गटांची तुलना सैल होते आणि वर्षानुवर्षांत मापपट्टीच सरकते. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय हँडिकॅपरांनी १९७७ पासूनची रेटिंग्ज पुन्हा तपासली. डान्सिंग ब्रेव्ह या जुन्या घोड्याचं १४१ खाली येऊन १३८ झालं आणि फ्रँकेलचं १४० सर्वोच्च ठरलं. त्यावर पुष्कळ राग झाला. मला ते काम प्रामाणिक वाटतं. पण ते करावं लागलं हेच सांगतं की समोरासमोरच्या लढती पुरेशा नसतील तर आकडे हवेत तरंगतात.

आता पैशाच्या नव्या शर्यतींविषयी. दुबई वर्ल्ड कप १९९६ मध्ये आला, सौदी कप २०२० मध्ये दोन कोटी डॉलर्सच्या बक्षिसासह. सिडनीत २०१७ पासून द एव्हरेस्ट होते. तिथे घोडा उतरवण्याच्या बारा जागा विकल्या जातात, सुरुवातीला प्रत्येकीची किंमत सहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्स होती. त्याच वर्षी अमेरिकेत पेगॅसस वर्ल्ड कपने हाच मार्ग धरला, बारा जागा, प्रत्येकी दहा लाख डॉलर्स. एव्हरेस्ट टिकली आणि २०२४ मध्ये तिला ग्रुप एकचा दर्जाही मिळाला. पेगॅससला मात्र जागा विकणं सोडावं लागलं आणि २०२० पर्यंत मुख्य शर्यतीचं बक्षीस एक कोटी वीस लाखांवरून तीस लाखांवर आलं. फरक कुठे पडला? ऑस्ट्रेलियात कमी अंतरावर धावणारे अव्वल घोडे भरपूर आहेत आणि त्यांत खच्ची घोडे पुष्कळ. अमेरिकेत जानेवारीपर्यंत सर्वोत्तम नर घोडे स्टड फार्मला रवाना होण्याच्या बेतात असतात. पैसा घोड्यांना एका जागी आणू शकतो, पण आधी घोडे शिल्लक असायला हवेत.

खालच्या बाजूला काही ठिकाणी खेळच बंद पडतो आहे. मकाऊच्या शर्यती २०२४ च्या मार्चअखेर थांबल्या, सिंगापूरच्या त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. जमिनीची गरज आणि घटती गर्दी ही कारणं. अशी मैदानं मिटली की मधल्या दर्जाच्या घोड्याला जायला जागा एकाने कमी होते, आणि तो घोडा विकत घेणारा मालकही.

बदल शक्य आहे का? जपान पाहा. तिथे घोडा किती शर्यती जिंकला यावर वर्ग ठरतो, एक विजय, दोन विजय, तीन विजय, मग खुला गट. वयाच्या तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्याला त्यानंतर एकदाही न जिंकलेल्यांच्या शर्यतीच उपलब्ध नसतात, त्यामुळे सोपं दार शोधत वर्षभर फिरता येत नाही. बेटिंगचा पैसा थेट खेळ चालवणाऱ्या संस्थेकडे येतो, म्हणून शर्यतींची संख्या ती स्वतः ठरवते. तिथल्या फील्डमध्ये १४-१५ घोडे दिसणं रोजचं आहे. हाँगकाँगमध्ये वर्षाला ८८ दिवस, दोन मैदानं, १,२०० च्या आसपास घोडे, आणि उलाढाल शंभर अब्ज हाँगकाँग डॉलर्सच्या वर. दोन्हीकडे कमी शर्यती, जास्त घोडे हे सूत्र एकाच हाताने सांभाळलं जातं. अर्थात हाँगकाँगलाही वरच्या टोकाला त्रास आहेच. एखादा घोडा फारच भारी निघाला की त्याच्यासमोर उभं राहायला कोणी मिळत नाही.

दुसऱ्या देशांनी ही व्यवस्था जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणणार नाही, कारण तिच्यामागे बेटिंगची मक्तेदारी आहे. पण प्राधान्यक्रम विचारलात तर असा सांगेन. पहिल्यांदा शर्यती कमी करा, आणि त्या वरच्या पातळीपासून कमी करा, कारण सगळे नेहमी खालच्या शर्यतींवर कुऱ्हाड चालवतात आणि त्यात लहान मालक मरतो. दुसरं, चार आणि पाच वर्षांच्या नर घोड्यांसाठी बक्षिसं इतकी वाढवा की आणखी एक हंगाम धावण्याचा विचार तरी होईल. तीन वर्षांच्या शर्यतींतला थोडा पैसा काढून तिकडे वळवला तरी चालेल. तिसरं, तबेल्यातल्या घोड्यांच्या आणि स्टॅलियनला देण्याच्या माद्यांच्या संख्येवर मर्यादा आणा. कोर्टात हरलात तर शब्द बदलून पुन्हा आणा. नव्या शर्यतीचा प्रस्ताव आला की समितीने एकच प्रश्न विचारावा: या शर्यतीमुळे कोणते दोन घोडे एकमेकांना भेटणार नाहीत? त्याचं उत्तर नावांसकट मिळालं तर प्रस्ताव तिथेच फेटाळावा.